दहा मिलिसेकंद

हेल्टरमा बंदराच्या कचेरीतला कॉम्प्युटर
रात्री झोपायचा, पहाटे उठायचा.
उठायचा म्हणजे पडदा उजळायचा, पंखा घुरघुरायचा,
नेटवर्क कार्ड मात्र डोळे उघडायचं नाही.
समुद्रावरच्या बर्फाची जाडी लिहिलेली, तशीच पडून.
उर्वेबाई मग फोन उचलायच्या
आणि पलीकडच्या बंदराला ओरडून सांगायच्या,
एकोणतीस. हो, एकोणतीस. दोनावर नऊ.

मला बोलावलं, कारण बेटावर सगळे म्हणतात
ताव्होला कर्नलमधलं कळतं.
कळतं म्हणजे काय,
मागच्या सप्टेंबरात माझा एक बदल स्वीकारला गेला,
चार ओळींचा.
आईने केक केला होता.

केबल बदलली. काही नाही.
स्विचचं भोक बदललं. काही नाही.
मग लॉग उघडला.
ड्रायव्हर म्हणतो, मी हजर.
कार्ड म्हणतं, मीही.
आणि त्याच्या खालच्याच ओळीत: लिंक नाही.
एका घरात राहतात आणि बोलत नाहीत,
उर्वेबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या
जरा जास्तच वेळ.

मॉड्यूल काढून पुन्हा घातलं, चालू.
झोपवून उठवलं, बंद.
म्हणजे दुखणं झोपेत होतं.

उन्हाळ्यातला कर्नल धड होता, हा नाही,
आणि दोघांच्या मधे आठ हजार बदल,
कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी केलेले.
मधोमध कापायचं. बांधायचं.
झोपवायचं, उठवायचं, बरं की वाईट ते सांगायचं.
जो अर्धा संशयित, त्याचे पुन्हा दोन.
तेरा वेळा,
दर वेळी पाऊण तास,
आणि बाहेर उणे अठरा.
उर्वेबाईंनी काळा पाव कापला, वर खारवलेले मासे.
सातव्या फेरीला मी खुर्चीतच पेंगलो,
आठवीला त्यांनीच कळ दाबून यंत्राला झोपवलं,
मला नाही उठवलं.
जागा झालो तर कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेलं:
वाईट.

पहाटे पाचला आकडा एकावर आला.
पडद्यावर बदलाचं नाव: अनावश्यक विलंब काढला.
आणि करणाऱ्याचं.

माझं.

केकवाल्या चार ओळी.
त्यांत एक थांबा होता, दहा मिलिसेकंदांचा,
आणि त्याच्या डोक्यावर कुणा ओद्वारने
पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं:
हे का लागतं ते माहीत नाही. पण लागतं.
मी हसलो होतो तेव्हा.
माहीत नाही तर ठेवायचं कशाला?
माझ्याकडच्या कोऱ्या कार्डावर तपासलंही होतं.
झोपवून मात्र पाहिलं नव्हतं.

सापडला का?
सापडला.
कोण आहे?
सांगितलं.
त्या हसल्या नाहीत, तेच जड गेलं.
चहा ओतता ओतता म्हणाल्या,
मी बावीस वर्षं किनाऱ्याच्या रेडिओवर होते.
रात्री बोटीला एक हाक मारली
की लगेच दुसरी मारायची नाही.
तिकडे माणूस उठतो,
अंधारात बूट चाचपतो.

त्या चार ओळी परत घातल्या.
कारण लिहिताना तीनदा खोडलं.
आधी लिहिलं, काही कार्डांवर अडचण येते.
मग, पूर्वीच्या एका बदलामुळे.
शेवटी, माझ्या चुकीमुळे,
आणि त्या बदलाचा क्रमांक.
ओद्वारची ओळ होती तशी ठेवली,
खाली आपली एक जोडली:
मलाही माहीत नाही. काढून पाहिलंय.

सहाला झोपवलं. उठवलं.
क्षणभर काही नाही,
आणि मग कार्डाचा हिरवा दिवा.
बर्फाचा आकडा गेला, पोचल्याची पावतीही आली.
मी उर्वेबाईंना पडदा दाखवला.
वा, म्हणाल्या,
आणि फोन उचलला.
एकतीस.
हो. तीनावर एक.